खुडूक कोंबडीच्या शेजारची फटफटी

जुनी मोटारसायकल माझ्या दुकानात घेऊन येणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. मी हात पुसून उठायच्या आत तो किक मारून दाखवतो. एक मारतो, दुसरी मारतो, घाम पुसतो आणि मग माझ्याकडे असं बघतो, की आता ती सुरू होत नाही ही चूक माझी झाली. जालन्यात दुकान टाकल्यापासून मी हे पाहत आलोय. दर वेळी मी त्याला स्टुलावर बसवतो, चहा मागवतो आणि सांगतो की बाबा, वर्षानुवर्षं झोपलेल्याला कुणी लाथ घालून उठवतं का?

जुनी गाडी उठवायची पहिली पायरी म्हणजे तिला हात न लावणं. शेजारी बसायचं. कुठं तेल गळून वाळलंय, कुठं गंज आतून आलाय आणि कुठं नुसता वरून, कोणता नट आधीच्या कुणी पान्याऐवजी छिन्नीनं फिरवलाय, हे नुसतं बघायचं. गाडी कशी मेली हे कळल्याशिवाय ती जिवंत करायला जाऊ नये. हे शहाणपण मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. आष्टीच्या एका गोठ्यात शिकलो, आणि तिथं मला नुसतं बसून राहायला भाग पाडणारी एक कोंबडी होती.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली आहे, पोलीस ॲक्शनच्या बऱ्याच आधीची. मी तेव्हा परतूरला एका कापसाच्या जिनात इंजिन फिटर होतो. सरकी काढायची यंत्रं एका मोठ्या तेलाच्या इंजिनावर चालत, आणि त्या इंजिनाची दाई, वैद्य आणि नोकर असं सगळं मीच. कापसाचा हंगाम चैताच्या सुमाराला संपला की इंजिन बंद, आणि मीही बंद. उन्हाळाभर मी नटांना तेल लावत आणि गावातल्या शिवणयंत्रांच्या तक्रारी ऐकत काढायचो.

अशाच एका उन्हाळ्यात हबीब साहेब जिनाच्या फाटकात आले. हबीब साहेब म्हणजे आमच्या भागाचे सलोत्री, जनावरांचे सरकारी डॉक्टर. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आवाज अगदी हळू. बैलाच्या कानाशी बोलायची सवय असल्यामुळे ते माणसांशीही तसंच बोलत. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि जनावरांशी दोन्ही. त्या दिवशी त्यांच्या हातात पत्र्याची एक रिकामी पेटी होती आणि चेहरा उतरलेला होता.

त्यांनी जे सांगितलं ते असं. गोदाकाठच्या गावांत बुळकांडी आली होती. जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ऐकून आजही काटा येईल. बैल खाणं सोडतो, तोंड सडतं, हगवण लागते आणि आठवड्यात दावणी रिकाम्या होतात. तिच्यावर लस होती. हैदराबादहून रेल्वेनं परतूरला यायची, बर्फाच्या पेटीत भुसा भरून. पण परतूरपासून पुढं खेड्यात न्यायची ती बैलगाडीनं. आदल्या दिवशी साहेब लस घेऊन आष्टीला गेले, पोचेपर्यंत दुपार कलली, पेटी उघडली तर आत कोमट पाणी. सकाळपासून बैल धरून उभ्या असलेल्या लोकांसमोर त्यांनी सगळ्या बाटल्या खड्ड्यात ओतल्या.

"गरम झालेली लस म्हणजे नुसतं पाणी," ते म्हणाले. "तेच टोचलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण जनावरं मेली असती, आणि मग माझ्या सुईवर भरोसा कोण ठेवणार?"

टोचल्यावर बैलाला ताप येई, काही दिवस त्याला औताला जुंपता येत नसे. म्हणजे लस पेरणीच्या आधीच पोचायला हवी होती, आणि मृग तोंडावर आला होता. जिनाच्या मालकांची मोटार होती, पण ती या रस्त्यांच्या चाकोऱ्यांत आणि नाल्यांच्या वाळूत हमखास रुतून बसायची. साहेबांना आष्टीत दुसरंच काहीतरी दिसलं होतं.

"मिस्त्री, तुला फटफटी येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, फटफटी न्हाई येत, इंजिन येतं.

"बस. बराबर आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आष्टीला निघालो.

फटफटी गयाक्काच्या गोठ्यात होती. गयाक्का म्हणजे गावातली एक तालेवार शेतकरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत तीच बघायची, गडी तिला टरकून असत. नवरा हौशी होता. रस्ता बांधायला आलेला एक गोरा इंजिनियर विलायतेला परतताना नवऱ्यानं त्याची फटफटी विकत घेऊन ठेवली होती. काही दिवस ती गावातून फिरली, एक दिवस गोठ्याच्या दारात बंद पडली, ती तिथंच. पुढं नवरा गेला. मग कुणी हात लावला नाही.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती कडब्याच्या पेंढ्यांमागं उभी होती. एका सिलिंडरची, दोन नळ्यांच्या मधे बसवलेली चपटी टाकी, उजव्या बाजूला गिअरचा लांब दांडा, आणि शेजारी जोडलेली साइडकार. साइडकार म्हणजे एका माणसानं पाय पसरून बसावं असा, होडीच्या आकाराचा पत्र्याचा डबा, त्याला स्वतःचं एक चाक. त्या डब्यात भुसा होता, आणि भुशावर पिसं फुगवून एक तांबडी कोंबडी बसली होती.

साहेबांनी गयाक्काला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "न्या की. पडूनच हाय. पर डब्यात माझी कोंबडी खुडूक बसलीय. पिल्लं निघंपर्यंत तिला उठवायचं न्हाई."

"आपा, गावाच्या बैलांचा सवाल आहे," साहेब हळूच म्हणाले.

"आन् माझ्या कोंबडीचा न्हाई का?"

साहेब जनावरांचे डॉक्टर. कोंबडीही त्यांच्याच खात्यात यायची. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, डब्याला इंजिन नाही, आपलं काम पलीकडच्या बाजूला आहे, कोंबडी बसू द्या. अशी माझ्या आयुष्यातली पहिली मोटारसायकल मी कोंबडीच्या पहाऱ्यात उघडली. पान्याचा जरा मोठा आवाज झाला की ती मान वर काढून माझ्याकडं बघायची, आणि मी हात आखडता घ्यायचो. म्हणून मला बसावं लागलं. म्हणून मला दिसलं.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अशा इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा यांचा मेळ, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि आतल्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, खाली-वर मोकळी हालचाल. तीनही असल्या तर इंजिन चालतंच, त्याला दुसरा इलाज नसतो. या फटफटीत तीनही नव्हत्या.

सुरुवात दट्ट्यापासून. तो सिलिंडरमध्ये गंजून चिकटला होता. इथंच लोक किक मारतात, आणि आतली कांब वाकवून बसतात. मी ठिणगीचा प्लग काढला, त्या भोकातून घासलेट आणि इंजिनाचं तेल मिसळून आत ओतलं, आणि भोकात चिंधी कोंबून ठेवली. आता वाट पाहायची. गंज आणि तेल यांचा तंटा त्यांनाच मिटवू द्यायचा. रोज सकाळी थोडं तेल घालायचं, गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं मागंपुढं हलवून बघायचं, जोर करायचा नाही. गयाक्का दारातून बघायची.

"काय करून राह्यलास रं?" ती विचारायची.

"वाट पाहून राह्यलो, आक्का."

"मंग कोंबडीत आन् तुझ्यात फरक काय?"

वाट पाहत असताना दुसरी कामं निघाली. टाकी आतून गंजानं भरली होती. आम्ही इंजिनवाले टाकीत बारीक खडे आणि घासलेट टाकून हलवतो, तसं मी करायला घेतलं. गयाक्काला ते पटेना. तांब्यापितळेची भांडी ती जन्मभर घासत आलेली. तिनं चिंच भिजवली, दाट कोळ काढला, टाकीत ओतला आणि टाकी उन्हात ठेवून दिली. संध्याकाळी ओतून पाहिलं तर काळंभोर पाणी, आणि आत पत्रा चमकत होता. मी त्यानंतर शेकडो टाक्या साफ केल्या असतील. जालन्यातल्या मोंढ्यात मी चिंच घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, आमटीला का गाडीला.

टायर तर पार तडकले होते. नवे मुंबईहून मागवायचे तर पावसाळा लागला असता. गावात मोटा शिवणारे लक्ष्मणबुवा होते. विहिरीची मोट शिवायची म्हणजे दिवसभर पाण्याचं वजन झेलेल अशी शिवण लागते. त्यांनी टायर हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि तडकलेल्या जागी आतून कमावलेल्या चामड्याच्या पट्ट्या बसवून दिल्या. ट्यूबांना मी ठिगळं लावली. लक्ष्मणबुवांनी शिवलेल्या त्या टायरांनी पुढं मला किती लांब नेलं हे आठवलं, की आजच्या टायरवरची छापील हमी वाचून हसू येतं.

एका सकाळी मागचं चाक हलवलं आणि आत काहीतरी सुटलं. आवाज नाही, नुसती हाताला जाणीव. आखडलेल्या माणसानं खांदा सैल सोडावा तशी. मी चाक अजून थोडं फिरवलं, प्लगच्या भोकातून काळं तेल बाहेर आलं, आणि दट्ट्या खाली गेला, वर आला. मी गोठ्यात एकटाच हसत बसलो. नंतर या धंद्यात मी मोठमोठी कामं केली, पण अडकलेला दट्ट्या सुटतो त्या क्षणाला तोड नाही. अजूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

मग ठिणगी. या गाड्यांना बॅटरी नसते. मॅग्नेटो नावाचं यंत्र इंजिनाबरोबर फिरतं आणि स्वतःच वीज तयार करतं. त्यानं ओल धरली होती. मी ते काढून उन्हात वाळवलं, त्यातले काळे पडलेले संपर्क बारीक कागदानं घासले. साहेब त्या दिवशी आले होते. ठिणगी पडते का हे पाहायला मी त्यांना प्लगची तार इंजिनाच्या अंगाशी धरायला सांगितली, रबर आहे तिथंच धरा असंही सांगितलं. पण ते रबर गाडीच्या वयाचं होतं. मी चाक फिरवलं, आणि साहेब उडाले ते थेट कडब्याच्या गंजीत जाऊन बसले. गयाक्का घाबरून धावली. साहेबांनी हात झटकला, टोपी शोधून डोक्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "जिंदा आहे."

पेट्रोल आणि हवा यांचा मेळ घालणारं जे पितळी भांडं असतं, त्याला कार्बोरेटर म्हणतात. त्यात केसाएवढं बारीक भोक असतं, आणि जुन्या पेट्रोलची खळ होऊन ते बुजलेलं होतं. फुंकून निघेना. साहेबांनी बैलांना टोचायची जाडजूड पिचकारी काढली, घासलेट भरलं आणि भोकातून जोरानं मारलं. भोक मोकळं. त्यांना त्याचा इतका आनंद झाला की पुढं कुणी भेटलं की ते सांगत, मी एका फटफटीला इंजेक्शन दिलंय.

तेव्हा माझ्या हिशेबानं सगळं झालं होतं. जिनाच्या मालकांकडून पेट्रोल आणलं होतं. आसपासची माणसं जमली. मी देवाचं नाव घेऊन किक मारली. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि थांबलं. पुन्हा मारली. पुन्हा खोकलं आणि थांबलं. दुपारपर्यंत मी किक मारत राहिलो. ठिणगी पाहिली, ठीक. पेट्रोल पाहिलं, येतंय. माणसं एकेक करून निघून गेली. मी घामानं निथळत खाली बसलो. दुसऱ्याच दिवशी रेल्वेनं लसीची पेटी येणार होती, आणि शेजारच्या शिवारात दोन बैल आजारी पडल्याची बातमी सकाळीच आली होती.

साहेब माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी गळ्यातली नळी काढली, जिनं ते बैलांची छाती तपासत, आणि तिचं टोक सिलिंडरला लावून म्हणाले, मार एकदा. मी मारली. ते डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा मार म्हणाले. मग टोक सरकवत सरकवत मागं धुराच्या नळीपर्यंत गेले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हे जनावर श्वास आत घेतंय. बाहेर सोडत नाही."

मी उठलो, एक लांब तार घेतली आणि धुराच्या नळीत खुपसली. वीतभर गेली आणि टेकली. तारेनं टोकरायला लागलो तशी वाळलेली माती पडायला लागली. कुंभारमाशीनं घर केलं होतं. वर्षानुवर्षं, एकावर एक, माशांच्या पिढ्यांनी त्या नळीत मातीची घरटी बांधून ती पार बुजवून टाकली होती. जळालेला धूर बाहेर जायला वाटच नाही, मग नवी हवा आत येणार कुठून? मी तार ओढली, ठोकलं, झटकलं. टोपलंभर माती निघाली.

पुढची किक मी फार हलकी मारली. फटफट सुरू झाली, आणि चालूच राहिली. निळा धूर गोठ्याभर झाला. बैल दावणीला ओढे घ्यायला लागले, गेलेली माणसं पळत परत आली, आणि साहेब धुरात उभे राहून डोळे पुसत होते. धुरामुळं, असं ते म्हणाले. गयाक्का उंबऱ्यावर उभी होती. तिनं तो आवाज किती वर्षांनी ऐकला असेल. ती पुढं आली, टाकीवर हात ठेवून उभी राहिली, आणि इंजिनाच्या कंपानं तिच्या हातातल्या पाटल्या वाजत होत्या, त्या तिनं वाजू दिल्या.

कोंबडी मात्र बसल्या जागेवरून हलली नव्हती. आता मात्र प्रश्न होता. बर्फाची पेटी ठेवायला तो डबाच हवा होता. मी आणि साहेब एकमेकांकडं बघत राहिलो, विषय काढायची हिंमत कुणाची होईना. गयाक्काला सांगावं लागलं नाही. तिनं पाटीत भुसा घातला, डब्यात वाकली, एका हातानं कोंबडी धरली आणि दुसऱ्या हातानं एकेक अंडं पाटीत ठेवलं. कोंबडी तिच्या मनगटावर टोचत होती, रक्त आलं, तरी तिनं हात काढला नाही. अंड्यांवर कोंबडी बसवून पाटी आतल्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "तिनं सोसलं, आता तुम्ही जल्दी करा." बहुतेक अंड्यांतून पुढं पिल्लं निघाली, हे आताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांचा जीव तिथंच अडकून राहील.

चालवायचं राहिलंच होतं. मला सायकल येत होती, म्हणून मला वाटलं हीही येईल. साइडकारची गाडी सायकलसारखी कलत नाही. ती एका बाजूला ओढते, अगदी आडमुठ्या बैलासारखी. संध्याकाळी मी खळ्यावर शिकलो. डावीकडं वळायला गेलो की साइडकारचं चाक हवेत, उजवीकडं वळायला गेलो की कडब्याच्या गंजीत. अख्खं गाव मळणी पाहावी तसं खळ्याभोवती बसून होतं, आणि प्रत्येकजण बैलाला देतात तसा सल्ला मला देत होता. दिवस मावळेपर्यंत मला एवढं समजलं की हिच्याशी झटापट करायची नाही, तिला आधी कळवायचं आणि मग वळवायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि साहेब परतूरला गेलो, रेल्वेची वाट पाहिली, पेटी उतरवून घेतली, साइडकारमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि उलट फिरलो. साहेब माझ्या मागं बसले होते आणि मला घट्ट धरून होते. वाटेत कुत्री मागं लागली, एका वस्तीवरची माणसं शेतात पळाली, एक म्हातारा मात्र हात जोडून उभा राहिला. नाल्याच्या वाळूत गाडी बसली. साहेबांनी पायजमा वर घेतला, एका बाजूनं ते, एका बाजूनं मी, आणि आम्ही ती उचलून पलीकडं काढली. मोटार असती तर तिथंच संसार मांडावा लागला असता.

आष्टीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पेटी उघडायची वेळ आली. आदल्या खेपेला जिथं बाटल्या ओतल्या तिथंच लोक उभे होते, आणि कुणाच्या चेहऱ्यावर भरवसा नव्हता. साहेबांनी झाकण काढून आत हात घातला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी मूठ बाहेर काढली, त्यात बर्फाचा एक ढेकळाएवढा तुकडा होता. तो त्यांनी समोरच्या पोराटोरांच्या, बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या हातांवर फिरवला. गावानं बर्फ पहिल्यांदा पाहिला होता. एकजण चटका बसला म्हणून ओरडला, बाकीचे हसले, आणि तेवढ्यानं हवा पालटली.

तरीही सुईसमोर पहिला बैल कोण आणणार? सुईनंच जनावरं मरतात असं कुणीतरी पसरवलं होतं. गयाक्का आपली खिलारी जोडी घेऊन पुढं आली. त्या जोडीवर तिची सगळी शेती उभी होती. तिनं बैलाची वेसण स्वतः धरली आणि साहेबांना म्हणाली, "टोचा. माझी फटफटी तुमच्यावर इसवास ठेवून दिली, मंग बैल मागं का ठेवू?" तिच्यामागं रांग लागली ती लांब गेली. तिथलं आटोपून आम्ही उरलेली लस आणि उरलेला बर्फ घेऊन कुंभार पिंपळगाव गाठलं, आणि तिथंही बाटल्या थंड होत्या.

पुढचे दिवस आम्ही तेच केलं. परतूर स्टेशन, पेटी, खेडं. कधी चामड्याची शिवण सुटे, कधी मॅग्नेटो रुसे. मी वाटेतल्या वाटेत दुरुस्त करायला शिकलो, आणि साहेब हातात पाने घेऊन उभे राहायला शिकले. सगळीकडं वेळेवर पोचलो असं नाही. तीर्थपुरीला गेलो तेव्हा गावाबाहेर ताजी माती दिसली, जनावरं पुरल्याची. एक शेतकरी रिकामी दावण धरून बसला होता. आम्ही आलो तसा तो उठला आणि त्यानं शेजाऱ्याचे बैल आणून साहेबांसमोर उभे केले. चार दिवस आधी गाडी सुरू झाली असती तर, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही एखादी जुनी गाडी सुरू व्हायला हट्ट करते तेव्हा तोच माणूस आठवतो. पण बहुतेक गावांत दावणी भरलेल्या राहिल्या. पेरण्या झाल्या. आष्टीत एकाही घरी औत रिकामं उभं राहिलं नाही.

मी परतूरला परत गेलो. फटफटी गयाक्काच्या गोठ्यात होती, तिनं माझ्यासाठी सांगावा ठेवला होता की वाटेल तेव्हा येऊन चालवून जा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आष्टीहून एक माणूस जिनात आला. उद्या फटफटी घेऊन मिरवणुकीत यायचं, पाटलांचा हुकूम, असं त्यानं सांगितलं. मला वाटलं थट्टा करतोय.

गेलो तर खरंच होतं. वेशीपाशी बैल सजून उभे होते, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंगं. आणि त्यांच्या रांगेत आमची फटफटी. कुणीतरी टाकीवर झूल घातली होती, हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाच्या शिंगांना असतात तसे गोंडे बांधले होते, दिव्यावर बाशिंग होतं. डब्यात हबीब साहेबांना बळंच बसवलं होतं. त्यांच्या गळ्यात एवढे हार होते की फक्त टोपी दिसत होती. साहेब म्हणत होते की मी माणूस आहे, मला मिरवणुकीतून वगळा, पण कुणी ऐकत नव्हतं.

मी इंजिन सुरू केलं. त्याबरोबर पहिले तीन-चार बैल उधळले आणि मिरवणूक वेशीऐवजी ओढ्याकडं निघाली. पाटलांनी हात वर केला. बैल गोळा करून आणले, आणि मग ठरलं की इंजिन बंद ठेवायचं, गाडी माणसांनी ढकलायची. मी हँडल धरलं, ज्यांचे बैल वाचले होते ते मागून ढकलायला लागले, हलगी वाजायला लागली, आणि आम्ही तोरणाखालून मारुतीच्या देवळापर्यंत गेलो. ढकलायला इतके हात होते की मला चालावं लागलंच नाही, नुसतं वाहत गेलो.

देवळावरून बैल आपापल्या घरी जातात. दारात बायका त्यांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळीचा घास भरवतात. फटफटी गयाक्काच्या दारात आली. पाटलांच्या सुनेनं चाकांवर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, ओवाळलं. गयाक्का मागं उभी होती. त्या काळी विधवा बाई ओवाळायला पुढं येत नसे. पण पाटील म्हणाले, "कुंकू झालं. घास मालकानं भरवायचा असतो. मालक कोण हाये?"

गयाक्का पुढं आली. तिच्या हातात तुपानं निथळणारी पुरणपोळी होती. ती फटफटीसमोर उभी राहिली आणि अडली. हिचं तोंड कुठाय? कुणी म्हणालं टाकीत घाल. कुणी म्हणालं धुराच्या नळीत. मी म्हणालो, आक्का, तेवढं करू नको, पुन्हा साहेबांना नळी लावावी लागेल. सगळं गाव हसत होतं. तिनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझे हात हँडलवर होते, काळे, तेलकट.

"मंग तूच खा," ती म्हणाली. "न्हाईतरी हिच्या पोटातलं तुलाच ठावं."

आणि बैलाला भरवतात तसा, हनुवटीला हात लावून, तिनं तो घास माझ्या तोंडात घातला. डब्यातून हारांच्या ढिगाआडून साहेबांचा हळू आवाज आला, "आपा, मी पण याच गाडीत बसलोय." गयाक्का आत वळली आणि दुसरी पोळी आणायला गेली.